श्वास कोंडणार नाही

रेमेईला तोंडावरून सगळा गाव ओळखतो. मी ओळखते ती काखेतून.

हसू नका, खरं तेच सांगतेय. आमच्या पथकात माणसांचा मनोरा उभा करतात तेव्हा पायाचा माणूस दोन्ही हात पसरून उभा राहतो, आणि त्याचे खांदे वजनाने खचू नयेत म्हणून दोन्ही काखांत एकेक बुटकं माणूस ठोकून बसवतात. या जागेला आमच्याकडे कुबडीच म्हणतात. मी कुबडी. उंची चार फूट नऊ इंच, धंदा मासळीचा, नाव तेक्ला. मूर्ती लहान आणि जीभ महान, असं बाजारातल्या बायका म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

कुबडीला काही म्हणजे काही दिसत नाही. पाठीमागून शंभर माणसं रेटत असतात, नाकासमोर कुणाचा तरी सदरा. ऐकू मात्र सगळं येतं. आपल्या कानाला लागून पायाच्या माणसाचा श्वास चाललेला असतो. कोण रात्री पिऊन आलाय, कोण बायकोशी भांडून आलाय, कोण घाबरलाय, मला पहिल्या मिनिटात कळतं. गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते पाद्रीबाबांना माझ्यानंतर समजतं.

आणि गावातल्या सगळ्या पुरुषांचं उभं राहणं एकाच तऱ्हेचं. छाती भरून हवा घ्यायची, सदऱ्याची कॉलर दातांत धरायची, आणि श्वास कोंडायचा. बेर्नातकाकांनी शिकवलेलं. बेर्नातकाका म्हणजे आमच्या पथकाचे म्होरके. त्यांना त्यांच्या बापाने शिकवलेलं, बापाला आज्याने. "श्वास घेतला की छाती हलते, छाती हलली की खांदा हलतो, खांदा हलला की वरचं पोर पडतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मासे कापतानासुद्धा डोक्यात वाजतं. आता मनोरा चढून उतरेपर्यंत तीन-चार मिनिटं लागतात. एवढा वेळ श्वास कोंडून कोण जगतो? मग हे बहाद्दर कोंडायचे, फुटायचे, बकाबका हवा गिळायचे, पुन्हा कोंडायचे. आणि थरथरायचे! पण ते बोलून कोण दाखवणार? मर्दानगीचा प्रश्न ना तो.

रेमेई अशी उभी राहत नसे. तिचं सगळंच निराळं होतं.

ती हेझलनटच्या सोसायटीत गोदामात होती. पन्नास किलोचं पोतं उचलायची, काट्यावर टाकायची, उतरवायची, थप्पीला लावायची. खांदे असे की दारातून शिरताना तिरकी व्हायची. लग्न केलं नाही. विचारायला दोघं आले होते, दोघंही तिच्या निम्म्याने. "घरात आणखी एक पोतं कशाला?" म्हणाली. अशी बाई! पण हीच बाई लहानपणी शाळेच्या सात पायऱ्या चढली की निळी पडायची. दमा. आम्ही एका वर्गात होतो. पळापळीच्या खेळात ती झाडाखाली बसायची आणि पोरं तिच्यासमोर उभं राहून तिच्या धापेची नक्कल करायची. त्यात एक सिंतो होता, लोहाराचा मुलगा. हे लक्षात ठेवा असं नाही म्हणत, पण मी विसरलेले नाही.

तिची आई रोसालिया मिठाईवाल्यांसाठी हेझलनट भाजून द्यायची. भाजल्यावर त्यावरची साल सुटते, ती फुंकून उडवावी लागते. ती पोरीला ताटापुढे बसवायची आणि म्हणायची, "सालं उडाली पाहिजेत, दाणा हलता कामा नये." म्हणजे लांब, बारीक, एकसारखी फुंकर. पोरगी घाबरली, छाती आवळली, की आईचं एकच टुमणं: "हवा ओढायची घाई करू नकोस गं. आधी सोड. घर रिकामं केलंस की पाहुणा आपल्या पायाने येतो." हे सांगणाऱ्या बाईला सहीसुद्धा करता येत नव्हती. दमा काही गेला नाही, पण रेमेई त्याला वळण लावायला शिकली. कशाचीही धडकी भरली की ती आधी श्वास सोडते. थोरल्या भावाच्या मयतीला मी शेजारी उभी होते. सगळे हुंदके देत होते आणि ही बाई दातांतून सावकाश हवा सोडत होती. मग पेटीचं एक टोक तिनेच उचललं.

तर ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. पथकात बायका येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, त्याही पुरुष कमी पडले म्हणून. वरच्या थरांना हलक्या पोरी, काखेत माझ्यासारख्या बुटक्या, आणि घेरात रेटायला उरलेल्या. पाया मात्र पुरुषांचा. चार खांब, चार पुरुष. गावच्या उत्सवाला तीन आठवडे उरले असताना त्यातला एक बार्सिलोनाला कारखान्यात लागला आणि गेला. बेर्नातकाकांनी सगळा गाव पालथा घातला. एकाची पाठ धरलेली, एकाला बायको सोडेना, एक नुसताच जाडा. शेवटी सरावाच्या शेडमध्ये डोकं धरून बसले.

"मी उभी राहते," रेमेई म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग जे हसले! सिंतो आता स्वतः पायाचा माणूस झालेला, समोरच्या खांबाचा. तो म्हणाला, "घ्या की काका! शिट्टी वाजली की सगळ्यांना कळेल, केटली उकळली."

बेर्नातकाका हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, एवढं सांगते. म्हणाले, "पोरी, तुझ्यात ताकद आहे, नाही कोण म्हणतंय? पण दम्याचं माणूस पायाला उभं करून मी वर पोरं चढवू? गावाला काय तोंड दाखवू?"

"तोंड दाखवायची चिंता नंतर करा. आधी पाया दाखवा, आहे का तुमच्याकडे?"

"जीभ सांभाळ."

"जीभ कशाला सांभाळू काका, खांदे सांभाळते की."

मी तिथेच ओरडले, "तपासून घ्या! तपासायला काय जातंय तुमच्या बापाचं?" माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. बुटक्यांचं हे असंच होतं.

पण तपासलं. एकावर एक असा चार थरांचा खांब तिच्यावर चढवला. सनईची धून संपेपर्यंत तो उभा ठेवायचा असतो. धून संपली, खांब उतरला. काकांनी विश्रांती न देता पुन्हा चढवला. मग तिसऱ्यांदा. सनई वाजवणारा वेंतुरा लालबुंद झाला, चढणारी पोरं कुरकुरायला लागली. मी तिच्या डाव्या काखेत होते. खोटं नाही सांगत, तिसऱ्या वेळी माझेच पाय कापत होते, आणि वर तिचा श्वास जसा पहिल्यांदा होता तसाच. नाकाने थोडा आत, दातांतून लांब बाहेर. कॉलर दातांत असल्यामुळे बारीक आवाज यायचा तेवढाच. छाती हलत नव्हती, पोट हलत होतं. खांदा फरशीसारखा.

"ठीक आहे," काका म्हणाले. "उभी राहा. पण सगळ्यांसारखा श्वास कोंडून."

"श्वास कोंडणार नाही."

"मग उभी राहू नकोस."

"काका, तो माझा श्वास आहे, तुमच्या तळघरातलं पिंप नाही बूच मारायला."

काकांच्या मिशा हलल्या. माणूस मिळत नव्हता हेच खरं, नाहीतर त्यांनी तिला त्याच वेळी हाकललं असतं. श्वासाचा हट्ट त्यांनी सोडला, पण सगळ्यांसमोर अट घातली. एकदा जरी तिचा खांब डगमगला, एकदा जरी नियम मोडला, तर ती पथकातून बाहेर, आणि ते म्होरके आहेत तोवर पुन्हा एकही बाई पायाला उभी राहणार नाही.

"कबूल," रेमेई म्हणाली. मला मात्र तो सौदा मुळीच आवडला नाही. एकीच्या गुडघ्यावर सगळ्या जणींचा फैसला! पुरुष पडला तर फक्त तोच पडतो. बाई पडली की बायका पडतात. हा कुठला न्याय?

उत्सवाच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बाल्कन्यांवर झेंडे, नगराध्यक्षांच्या गच्चीवर भलीमोठी नवी पताका. सात थरांचा मनोरा ठरला होता, चार खांबांचा. आणि एक सांगायचं राहिलं. सगळ्यात वर चढणारं जे पोर असतं, टोकाला जाऊन हात उंचावणारं, ते त्या वर्षी माझं होतं. माझी केराल्त. वय वर्षं सात, वजन एकोणीस किलो, आईवर गेलेली, म्हणजे हट्टी.

चारही पाय आत तोंड करून उभे राहिले. रेमेईच्या बरोबर समोर सिंतो. मी रेमेईच्या काखेत शिरले. मागून घेर आवळला. दुसरा थर चढला, तिसरा चढला, सनई सुरू झाली. चौथा. आता वजन खरं उतरायला लागतं. रेमेईचा हात माझ्या मानेवर दगडासारखा दाबला गेला. मग माझ्या पाठीवरून एक छोटं पाऊल गेलं. ते पाऊल मी अंधारातही ओळखते. केराल्त.

"तेक्ला," रेमेई कॉलरमधून इतकं हळू म्हणाली की मला एकटीलाच ऐकू गेलं, "तू श्वास धरून बसलीयेस. सोड."

सोडला. लाज वाटली. चार वर्षं दुसऱ्यांचे श्वास मोजणारी मी!

आम्हा खालच्यांना एकच खबर मिळते, ती सनईची. पोराने टोकाला हात उंचावला की धून बदलते. त्या क्षणाला सगळा चौक ओरडतो आणि खाली आम्हाला कळतं की चढणं संपलं, आता उतरणं. धून बदलली.

लोक ओरडले. अर्धेच, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात येतंय? घेरातला रेटा एक बोटभर सैल झाला, नेहमी होतो तसा. "झालं," मागून कुणी तरी पुटपुटलं.

"झालं नाही," रेमेई माझ्या कानाशी पुटपुटली. "वजन अजून वर जातंय."

तिचंच खरं होतं. नंतर कळलं ते असं: केराल्त टोकाच्या एक पाऊल खाली अडकली होती. कुणाच्या तरी कमरेच्या शेल्यात तिचं बोट गुंतलं. तिच्या खालच्या पोराने तोल सावरायला हात वर केला, वेंतुराच्या डोळ्यांसमोर ती मेली पताका फडफडत होती, त्याला हात तेवढा दिसला आणि त्याने धून बदलली. चाळीस वर्षं सनई वाजवणारा माणूस, आणि चुकला तो त्या दिवशी!

इकडे सिंतोने शेवटचा श्वास त्या धुनेच्या भरवशावर कोंडलेला. धून ऐकली आणि त्याने सगळी हवा एकदम सोडून दिली. फुस्स! आणि त्याचे गुडघे वाकले. मला दिसत नव्हतं, पण समोरचा खांब गचकन खाली आल्याचा हिसका मला रेमेईच्या बरगड्यांतून बसला. वर किंचाळी. ती माझ्या पोरीची होती की कुणाची, आजही सांगता येणार नाही. पळूही शकत नव्हते, बघूही शकत नव्हते.

बाहेरून बेर्नातकाका ओरडले, "कोंडा! श्वास कोंडा सगळ्यांनी!"

आता आमच्याकडे नियमांचा नियम हा की मनोरा उभा असताना मोठ्याने बोलायचं ते फक्त म्होरक्याने. कानातल्या कुजबुजीपलीकडे बाकी कुणी हूं की चूं करायचं नाही. बोलला तो पथकातून गेला. माझ्या डोळ्यांसमोर दोघांना काढलंय, एकाला तर नुसतं "आई गं" ओरडला म्हणून.

रेमेईने कॉलर थुंकली. "कुणी कोंडू नका!" ती गरजली. "गप्प बस, बेर्नात! सिंतो, माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे! सोड. अजून सोड. सगळा. आता घे, थोडाच. पुन्हा सोड, लांब. माझ्याबरोबर."

सिंतोच्या घशातून कुत्र्यासारखा आवाज येत होता.

"हवा ओढू नकोस मेल्या, ती पळून नाही जात. सोड! घे. सोड."

तिसऱ्या खेपेला त्याचा श्वास लांबला. मी ऐकला. मग शेजारच्या खांबाचा, मग त्या पलीकडचा. मग मागचा घेरही तिच्या तालावर आला, बाया नि पुरुष, ओळखीचे नि अनोळखी. सिंतोचा खांब बोट बोट वर आला आणि सरळ झाला. रेमेईचा खांब? तो हलला नव्हताच. मी त्याच्या खाली होते, मीच सांगणार.

"आता चढ गं केराल्त," ती वर न बघता ओरडली. "बोट सोडव आणि चढ. आम्ही कुठे जात नाही."

पोरीने बोट सोडवलं. चढली, हात उंचावला, आणि वेंतुराने बिचाऱ्याने तीच धून दुसऱ्यांदा वाजवली, अर्धवट रडत. या वेळी अख्खा चौक ओरडला. मनोरा उतरला, एकेक थर करत, एकही माणूस न पडता. केराल्त मला बिलगली तेव्हा मी तिला आधी चापट मारली आणि मग मुके घेतले. आया दुसरं काय करतात?

घेर सुटला. लोक टाळ्या वाजवत होते, कुणी तरी दारूची सुरई फिरवत होतं. बेर्नातकाका मात्र सरळ रेमेईपुढे येऊन उभे राहिले. चेहरा चुन्यासारखा.

"तू बोललीस," ते म्हणाले.

"बोलले."

"मला गप्प बस म्हणालीस. सगळ्या चौकासमोर."

"म्हणाले. तसंच झालं तर पुन्हा म्हणेन."

"नियम तुला ठाऊक होता. अटही तूच कबूल केलीस." त्यांनी तिच्या कमरेकडे बोट दाखवलं. "आजचा दुसरा मनोरा तुझ्याशिवाय लागेल. शेला सोड."

माझा पारा चढला. "काका, माझी पोर वर होती!" मी म्हणाले. "हिच्यामुळे ती आत्ता माझ्या कडेवर आहे. आणि तुम्ही नियम मोजताय?"

"तुझी पोर वर होती म्हणूनच नियम आहे, तेक्ला. उद्या प्रत्येक जण बोलेल. खांब कुठला हलला ते मला बाहेरून दिसलं नाही. मला एवढंच कळलं की तिचा आवाज आला आणि सगळं डगमगत होतं. गावाने काय समजायचं?"

गावाने काय समजायचं ते माझ्या लक्षात आलं. बाई होती, बाई ओरडली, मनोरा डळमळला. झालं! पन्नास वर्षं हेच सांगत बसले असते, वाइनच्या दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर. आणि खरं काय ते आतल्या आम्हा मोजक्यांनाच ठाऊक. बाजूचे दोघे पुरुष सिंतोच्या विरुद्ध बोलणार नाहीत. रेमेई सांगणार नाही, ती तसली नाही. मी सांगितलं तर, तेक्ला काय, तिची मैत्रीण. उरला सिंतो.

सिंतो जमिनीवर बसला होता, डोकं गुडघ्यांत. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याचा म्हातारा लोहार बाप समोरच उभा होता, दोन्ही भाऊ होते, बायको होती. मी मनात म्हटलं, हा मेला तोंड उघडणार नाही. शाळेतही नक्कल करून आधी हाच पळायचा.

रेमेई त्याच्याकडे बघतही नव्हती. ती शेला सोडायला लागली होती. आमचा शेला दहा-बारा हात लांब असतो, कमरेला गच्च गुंडाळलेला. तिने दोन वेढे काढले.

"माझे गुडघे गेले," सिंतो म्हणाला.

"काय?" बेर्नातकाका.

"माझे गुडघे गेले, काका! ऐकू येत नाही का? माझा खांब बसला. माझा! मला वाटलं मी मेलो, वर पोरं आहेत आणि मी मेलो. मला श्वासच सापडत नव्हता." तो उठून उभा राहिला. रडत होता, लपवतही नव्हता. "हिने शोधून दिला. हिला काढायचं असेल तर आधी मला काढा. आणि मग बघा, पायाला कोण उभं राहतंय ते."

त्याच्या बापाने मान खाली घातली.

बेर्नातकाकांनी सिंतोकडे बघितलं, मग रेमेईकडे. साठ वर्षांचा माणूस, सगळी हयात एका वाक्यावर काढलेली. मला त्यांची दया आली नाही. थोडी आली, पण थोडीच.

मग ते वाकले आणि रेमेईच्या शेल्याचं जमिनीवर लोळणारं टोक त्यांनी उचललं. शेला एकट्याने बांधता येत नाही. एकाने टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने गिरक्या घेत स्वतःभोवती गुंडाळून घ्यायचा. म्होरक्या कुणाचा शेला धरत नाही, ते काम सोबत्याचं.

काकांनी पुरुषांचा धरतात तसा तो करकचून ताणला.

"सैल," रेमेई म्हणाली.

त्यांनी वीतभर सोडला.

"आणखी."

"याहून सैल कुणी बांधत नाही, पोरी."

"मी बांधते. आणखी, काका."

त्यांनी सोडला. तिने पोट भरून श्वास घेतला, सावकाश, सगळ्यांच्या देखत, आणि गिरकी घेत त्यांच्याकडे यायला लागली.